होडीच्या फळ्यांवरची पंगत

लग्नात बाबांनी मला आंदण काय दिलं, तर तांब्याचा हंडा, कळशी, पितळेचे डबे. म्हणजे सगळ्या मुलींना देतात तेच. पण गाडीतून सगळ्यात शेवटी एक लाकडी पेटी उतरली. सासरच्या बायका भोवती जमल्या. पेटी जड, कुलूप घातलेली, कुणाला काय वाटलं असेल ते असो. झाकण उघडलं तर आत करवत, रंधा, दोन पटाश्या, हातोडी आणि कोन तपासायचा गुण्या. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "अगो बाई! आमी मास्तरची पोर केली की सुताराची?"

मास्तरचीच केली होती. माकुणसारला बाबा शाळेत शिकवायचे आणि रविवारी मागच्या पडवीत लाकूडकाम करायचे. पोटासाठी नाही, हौस म्हणून. घरात मुलगा नव्हता, मग करवतीचं दुसरं टोक धरायला मी. आईला ते पसंत नव्हतं. "उद्या हिला कोण करून घेणार?" म्हणून ती कुरकुरायची. बाबा म्हणायचे, "करून घेणाऱ्याच्या घरात एक तरी पाट डुगडुगत असेलच." आणि खरंच, बोईसरला सासरी आले तर तिथले सगळे पाट डुगडुगत होते.

पेटी काही महिने भाताच्या कणगीमागे पडून राहिली. मी नवी सून, बोलणार कशी? मग एक दिवस विहिरीच्या रहाटाची खुंटी निखळली आणि सुतार काही येईना. आज येतो, उद्या येतो. मी गुपचूप पेटी काढली आणि खुंटी बसवून टाकली. सासूबाईंनी पाणी ओढून पाहिलं, रहाट कुरकुरला नाही. त्या माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "हां." दुसऱ्या दिवशी स्वतः एक पाट घेऊन आल्या. "हा बघ गो, याचा पाय." तेव्हापासून मागची पडवी माझी झाली. एका बाजूला जातं, एका बाजूला सरपण, मधे मी. माझ्यासमोर त्या कधी चांगलं बोलल्या नाहीत. पण शेजारणीला सांगताना मी ऐकलंय, "आमच्या सुनेला काय म्हनू नका, तिच्या हातात करवत असते."

आता आमच्या जेवणाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. स्वयंपाकघरात शेणानं सारवलेल्या जमिनीवर पाट मांडायचे. पहिली पंगत मामंजी, आमचे हे आणि दोन पोरं यांची. सासूबाई वाढणार, मी चुलीपाशी. ती उठली, उष्टी निघाली, शेणगोळा फिरला की दुसरी पंगत. तिला पंगत म्हणायची म्हणून म्हणायची, आम्ही दोघीच. समोरासमोर पाट टाकून बसायचो. कालवणातलं माशाचं डोकं सासूबाईंचं, ते ठरलेलं. त्या ते इतक्या निगुतीनं चोखायच्या की ताटात काट्यांची रांगोळी राहायची. आणि बोलणं! दिवसभरात ज्या बाईनं मला सतराशे साठ गोष्टींवरून टोचलेलं असायचं, तीच बाई त्या पाटावर बसून मामंजींची नक्कल करायची. मला ठसका लागायचा. मग पाठीत धपाटा घालून म्हणायची, "हस आता, मर." माझ्या आईशीसुद्धा मी कधी तशी जेवले नाही.

एका पावसाळ्यात विहिरीच्या कट्ट्यावर शेवाळ धरलं होतं, त्यावरून त्या घसरल्या. मांडीचं हाड मोडलं. पालघरच्या डॉक्टरांनी पाय बांधला. पावसाळा गेला, भातकापणी झाली, तोवर त्या खाटेवर. उठल्या तेव्हा हातात काठी होती आणि तो पाय गुडघ्यात जेमतेम वाकत होता. उभं राहता येई, चालता येई, खुर्चीवर टेकता येई. जमिनीवर बसणं मात्र कायमचं संपलं. वाकूनही काही करता येईना.

जमिनीवर बसता येत नाही म्हणजे आमच्या घरात काय काय संपतं, ते मला तेव्हा कळलं. चूल जमिनीवर, विळी जमिनीवर, जातं जमिनीवर, पंगत जमिनीवर. सासूबाई मधल्या खोलीत खाटेवर बसून राहायच्या आणि मी ताट तिथे नेऊन द्यायची. अर्धं ताट परत यायचं. "पोट भरलं गो." माशाचं डोकं तसंच. ताट ठेवून मी चुलीपाशी यायची आणि एकटी जेवायची. भिंतीकडे बघत कसली जेवते मी! चार घास ढकलायचे नि उठायचं.

बघता बघता त्या वाळल्या. चोळीच्या बाह्या ढगळ झाल्या, मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. डॉक्टर पुन्हा बघून गेले, म्हणाले, "रोग काही नाही. खाऊ घाला." मामंजी म्हणाले, वय झालं. हे म्हणाले, औषध बदलून बघू. मला आतून भीती वाटायला लागली की ही बाई पुढचा पावसाळा काही काढत नाही. मला राग यायचा, खरं सांगते. हाड मोडून कुणी मरतं का? आणि हाड तर जुळलं होतं.

मी ठरवलं, सासूबाईंना पाटावर आणायचं. पाट खाली असेल तर पाटच वर घेऊ.

त्या वर्षांत तारापूरला विजेच्या कारखान्याचं बांधकाम जोरात होतं आणि हे तिथल्या एका ठेकेदाराच्या गोदामात कारकून होते. परदेशातून यंत्रं यायची ती मोठमोठ्या लाकडी खोक्यांतून. खोकी फोडली की फळ्या सरपणाला जायच्या. पांढरट, हलक्या, गोड वासाच्या. मी यांच्या मागे लागून थोड्या मागवल्या. ट्रकवाल्यानं त्या दारात उतरवल्या आणि म्हणाला, "भाभी, इतनी लकडी जलाओगी?" मी म्हटलं, "जलानेका नाय, बनानेका हाय." तो माझ्या पदराआडच्या पटाशीकडे बघत निघून गेला.

त्या फळ्यांचा मी उंच पाट केला, खुर्चीएवढा. खिळा एक नाही. पायाची टोकं भोकांत ठोकून बसवली, बाबांनी शिकवली तशी. एका फळीवर काळ्या शाईत पेल्याचं चित्र छापलेलं होतं. मी ते रंध्यानं काढणार होते, पण पोरांना आवडलं म्हणून ठेवलं. सासूबाईंनी विचारलं, "हा पेला कशाला?" हे म्हणाले, "म्हणजे आत फुटणारी वस्तू आहे, जपून उचला." "मंग बराबर हाय," सासूबाई म्हणाल्या, "माझी हाडं." किती दिवसांनी त्या काही गमतीचं बोलल्या होत्या. मला वाटलं, जिंकलं.

कसलं जिंकलं! दुसऱ्या पंगतीला मी त्यांना उंच पाटावर बसवलं. त्यांचं ताट एका स्टुलावर ठेवलं. समोर माझा नेहमीचा पाट, माझं ताट जमिनीवर. पहिला घास घ्यायला मी हात नेला आणि सासूबाई एकदम आखडल्या. पाय मागे घ्यायला बघायला लागल्या. दुखरा पाय कुठला मागे जातोय? तो सरळ पुढेच राहणार. तेव्हा मला दिसलं. त्यांची पावलं माझ्या ताटाशेजारी होती, भातापासून वीतभर लांब.

"उचल मला," त्या म्हणाल्या.

"आई, काय झालं त्यात? मला चालतंय."

"तुला चालंल. अन्नाला माझे पाय दाखवून मी जेवू? सुनेच्या डोक्यावर बसून?" त्यांचे डोळे भरले होते. "मला खाटेवर ने."

नेलं. आणि परत येऊन मी तो पाट उचलून पडवीत असा आपटला की सरपणातली मांजर पळाली. इतकी मापं घेतली, गुण्या लावला, गुळगुळीत केला, आणि पाय कुठे जाणार हे डोक्यात आलंच नाही. जन्मभर मांडी घालून जेवलेलं माणूस मी. जेवताना पायांना जागा लागते, हे मला कसं सुचावं?

उत्तर तर समोरच होतं. सगळ्यांनाच वर घ्यायचं. हे म्हणाले, "मग टेबलच आणू." झालं, घरात महाभारत. मामंजी कडाडले, "टेबलावर जेवायला आपण साहेब लागून गेलो का? माझ्या बापानं मांडी मोडली नाही." ते एकवेळ चाललं असतं, पण सासूबाईच विरोधात. "जमीन सारवता येते. टेबल कसं सारवशील? खरकट्याचं लाकूड घरात उभं राहील चोवीस तास. नाय गो बाय. माझ्या एकटीपायी घर बाटवू नका."

बाई उपाशी मरत होती आणि तिला घर बाटायची काळजी! मला इतका संताप आला की त्या दिवशी मी भाकरी थापत नव्हते, बडवत होते. बडवता बडवता हात थांबले. भाकरी कशात थापत होते मी? लाकडाच्या काथवटीत. रोज पीठ मळते, रोज विहिरीवर नेऊन घासते, उन्हात उभी करते. तिला आजवर कुणी खरकटी म्हटलंय? काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

म्हणजे टेबल करायचं, पण त्याची वरची फळी सुटी. खाली नुसता सांगाडा, त्याच्या खाचेत फळ्या सरकवायच्या. जेवण झालं की फळ्या काढायच्या, काथवटीसारख्या विहिरीवर धुवायच्या, उन्हात उभ्या करायच्या. मी हे सासूबाईंना सांगितलं. त्यांनी काथवट मागून घेतली नि उलटसुलट करून बघितली. मग म्हणाल्या, "बघ. कर काय ते." 'हो' म्हटलं नाही, पण 'नाही'ही म्हटलं नाही.

सांगाडा खोक्यांच्या लाकडाचाच छान झाला. एक फळी तासून मी धुऊन पाहिली आणि उन्हात ठेवली. संध्याकाळी बघते तर तिचा भाजलेला पापड झालेला. दुसरी धुतली, तीही तशीच. त्या लाकडाला पाणी सोसेना. साग पाहिजे, हे मला काय कळत नव्हतं? पण आमच्यासारख्यांनी सागाच्या रुंद फळ्या आणायच्या कुठून?

मी वाकड्या फळ्या समोर ठेवून बसले होते, तेवढ्यात किनाऱ्यावरच्या दांडी गावची कोळीण पाटी घेऊन आली. आमच्याकडे वर्षानुवर्षं तीच मासळी घालायची, सासूबाईंच्या वयाची. पाटी उतरवली, फळी बघितली आणि खो-खो हसत सुटली. "ह्ये काय बाय, घसरगुंडी केली पोरांना?"

"हसू नका हो मावशी," मी म्हटलं आणि सगळं भडाभडा सांगून टाकलं. पाय, ताट, खरकटं, पापड, सगळं. सांगता सांगता रडायलाच लागले. ती हसायची थांबली. आत जाऊन सासूबाईंना बघून आली. बाहेर येऊन हळू आवाजात म्हणाली, "काकी लय उतरली गो." मग पाटी डोक्यावर घेता घेता म्हणाली, "आमची जुनी होडी मोडून पडलीय दारात. सागाची हाय. जल्मभर पान्यातच होती, आनखी काय पानी पाजशील तिला? मालकाला सांगते, फळ्या काढून देल." मी बदल्यात काय देऊ विचारलं, तर म्हणाली, "मला बाजारात बसाया एक पाट कर. उंच नको. माझे गुडघे अजून शाबूत हायेत."

फळ्या आल्या त्या काळ्याकुट्ट, तेल पिऊन जड झालेल्या. माझा रंधा त्यांच्यावरून जाता जाईना. भोकाभोकांत मोडके खिळे अडकलेले. एका खिळ्यावर रंध्याच्या पात्याची धार गेली तेव्हा मी होडीच्या सात पिढ्या उद्धरल्या. खिळे एकेक करून काढले, भोकांत सागाच्याच खुंट्या ठोकून त्या सपाट केल्या. काळेपणा गेला तसं आतलं लाकूड वर आलं, मधासारखं. धुऊन उन्हात ठेवलं. संध्याकाळी गुण्या लावून बघितला. सूतभर हललं नव्हतं. मी पडवीत एकटीच टाळ्या पिटल्या.

वास मात्र गेला नाही. पाणी लागलं की फळ्यांना मासळीचा मंद वास सुटायचा. मामंजींनी नाक मुरडलं. "जेवताना बोंबलाचा वास येईल." मी म्हटलं, "मग कालवण नसेल त्या दिवशीसुद्धा भूक लागेल." सासूनं कमावलेली जीभ होती माझी, तीच परत देत होते.

टेबल मांडलं तो दिवस उन्हाळ्यातला. टेबल स्वयंपाकघराच्या मध्यावर, भोवती उंच पाट, सगळे मी केलेले. पेला असलेला सासूबाईंचा, चुलीच्या बाजूला. पोरं चढून बसली. हे बसले. मामंजी मात्र आपला जुना पाट घेऊन आले, टेबलाच्या शेजारी जमिनीवर टाकला आणि मांडी घालून ताठ बसले. कुणाची छाती नव्हती काही म्हणायची.

मी सासूबाईंना हात धरून आणलं. वाटलं, आता पाटावर बसवावं. पण त्या बसेचनात. टेबलाच्या कडेवर हात ठेवला. दाबून बघितली. पोट टेकवून बघितलं. काठी भिंतीला लावली आणि मला म्हणाल्या, "भाताचं पातेलं आन इकडं."

मी पातेलं फळीवर ठेवलं. त्यांनी डाव आत घातला आणि पोरांच्या ताटात भात वाढला. उभ्यानं. वाकायची गरजच नव्हती, ताट त्यांच्या हाताच्या उंचीला होतं. मग यांना वाढला. कडेला टेकत टेकत एकेक पाऊल सरकत होत्या, पण शीत सांडलं नाही. मी नुसती बघत राहिले. त्यांना पंगतीत बसता येत नाही म्हणून मी इतके दिवस जिवाचा आटापिटा करत होते. आणि ती बाई वाढायला मिळत नाही म्हणून सुकत चालली होती! माप मी बसण्याचं घेतलं होतं, ते आपसूक वाढण्याला लागू पडलं.

डाव घेऊन त्या मामंजींच्या डोक्याशी येऊन थांबल्या. मामंजींनी खालून ताट थोडं पुढे केलं.

"अवो," सासूबाई म्हणाल्या, "मला वाकता नाय येत. भात पायजे तर वर या."

पोरं फिदीफिदी हसली. यांनी त्यांना दटावलं आणि स्वतःच पंच्यात तोंड लपवलं. मामंजींनी दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवले. मग उठले, आपलं ताट उचललं आणि उंच पाटावर येऊन बसले. सासूबाईंनी त्यांना भात वाढला, नेहमीपेक्षा एक डाव जास्त.

मी चुलीकडे वळले, कालवण काढायला.

"तू कुटं चालली?"

"कालवण, आई."

"ते आन नि बस."

"मी? मी मागून बसेन ना, आपल्या पंगतीला."

"एवढं मोठं केलंस, नि अजून दुसरी पंगत? बस म्हंते ना."

मी बसायला म्हणून बघितलं, आणि तिथेच उभी राहिले. मला पाटच नव्हता. मामंजींचा केला होता, यांचा केला होता, पोरांचे दोन केले होते, सासूबाईंचा केला होता. कोळणीचासुद्धा केला होता. सगळ्यांच्या गुडघ्यांची मापं घेतली होती मी, आणि स्वतःचा पाट करायचं माझ्या मनातच आलं नव्हतं. त्या घरात मी पहिल्या पंगतीला कधी बसलेच नव्हते, तर पाट सुचणार कुठून?

सासूबाईंच्याही ते लक्षात आलं. त्यांनी सगळ्या पाटांवरून नजर फिरवली, मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता टोमणा येणार. आलाच. "एवढी सुतारीण, नि घरात मानसं किती ते कळंना?" काठी घेऊन त्यांनी तो पेल्याचा पाट माझ्याकडे ढकलला. "यावर बस. जपून बस, फुटशील."

"आणि तुम्ही?"

"मी वाढते. बस."

मी बसले. सासरे समोर, नवरा शेजारी, आणि मी ताटावर. मान वर करायची हिंमत होत नव्हती. सासूबाईंनी मला भात वाढला. कालवण वाढलं. मग पातेल्यात डाव फिरवून त्यांनी माशाचं डोकं शोधलं, त्यांचं ठरलेलं डोकं, आणि माझ्या भातावर ठेवलं. मला दिसेना झालं. भात, डोकं, फळी, काहीच दिसेना. डोळे पुसायला हात वर केला तर हाताला होडीचा वास.

"रडतेस काय? जेव."

मी कशीबशी जेवले. माझा शेवटचा घास होईपर्यंत त्या टेबलाला टेकून उभ्याच होत्या. मी ताटावरून उठले तशा सावकाश त्या पाटावर टेकल्या. दुखरा पाय टेबलाखाली सरळ पसरला. तिथे त्याला भरपूर जागा होती. समोरची फळी दोन्ही हातांनी चाचपली, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या,

"आता मला वाढ. भूक लागली गो."